ग्लेन कॅम्पबेल: साथीला बसणारा गिटारवाला पुढे कसा आला?

बारा_तारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी गेली अकरा वर्षं पुण्यात गिटार वाजवतो. वाजवतो म्हणजे साथ करतो. दिवाळी पहाट, भावगीतांचे कार्यक्रम, गणपतीतले वाद्यवृंद, मधूनच एखाद्या जाहिरातीचं रेकॉर्डिंग. रंगमंचावर माझी जागा ठरलेली, तबल्याच्या मागे, कीबोर्डच्या डाव्या हाताला. त्या जागेबद्दल माझी तक्रार नाही. घर त्यावरच चालतं.

पण गेल्या दोन वर्षांत माझी स्वतःची सहा गाणी तयार झाली आहेत. शब्द माझे, चाली माझ्या, गातोही मीच. आजवर ती फक्त बायकोने आणि आमच्या तबलजींनी ऐकली होती. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात मध्यंतरानंतर गायिकाताईंचा घसा बसला. त्यांनीच माइक माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमचं एखादं म्हणा, तोवर मी गरम पाणी घेते." मी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या चार मिनिटांत काय झालं ते मलाच माहीत. त्याच संध्याकाळी बावीस गाणी न चुकता वाजवलेले हात माझ्याच गाण्याला थरथरले. वरच्या सुराला आवाज फाटला.

तेव्हापासून ग्लेन कॅम्पबेल डोक्यातून जात नाही. 'विचिटा लाइनमन' या गाण्यामुळे हा अमेरिकन गायक मला कॉलेजपासून माहीत होता, पण कंट्री म्हणजे तिकडच्या ग्रामीण ढंगाची गाणी गाणारा म्हणून. हा माणूस आधी कित्येक वर्षं इतरांच्या रेकॉर्डवर गिटार वाजवत होता, हे अलीकडे कळलं. ज्यांनी त्याला नीट ऐकलंय त्यांना विचारायचं आहे. तो पुढे आला तो नेमका केव्हा आणि कशामुळे? त्याने साथीची कामं आधी सोडली आणि मग गायला लागला, की दोन्ही बरोबर चालू होतं? मला खरंच ठरवायचं आहे, म्हणून विचारतोय.

यवतमाळकर

गिटारमधलं मला काही कळत नाही, मी ऐकणारा माणूस आहे. पण त्याची सुरुवात कुठून झाली ते इथे यायलाच हवं. आर्कान्सामधल्या डिलाइट गावाजवळ बिल्सटाउन म्हणून वस्ती आहे, तिथे १९३६ साली त्याचा जन्म. बारा भावंडं, हा सातवा मुलगा. बाप दुसऱ्याची जमीन बटाईने करणारा. पोरं कापूस वेचायला जायची. बापाने सीअर्सच्या कॅटलॉगमधून पाच डॉलरची गिटार मागवून दिली, तेव्हा हा चार वर्षांचा होता.

माझी आई वेचणीला जायची. संध्याकाळी तिच्या बोटांची टोकं बोंडाच्या काट्यांनी फाटलेली असायची. ती बोटं मी पाहिलेली आहेत. त्यामुळे कॅम्पबेल ऐकताना मला आधी त्याचा हात आठवतो, आवाज नंतर.

मधली_तार

धागाकर्त्या, तुला अरे म्हणतो. माझा धाकटा तुझ्याच वयाचा असेल. मी १९८१ ते २००४ मुंबईत रेकॉर्डिंगला गिटार वाजवली, आता डोंबिवलीत घरीच मुलांना शिकवतो. कॅम्पबेल मला भेटला तो मर्चंट नेव्हीतल्या मामाने आणलेल्या कॅसेटमधून. ती कॅसेट दोनदा तुटली आणि दोनदा मी ती नेलपॉलिशने जोडली.

तू 'नेमका केव्हा' असं विचारतोस. मी जेवढं वाचलं आणि ऐकलं त्यात तशी एक तारीख मला सापडत नाही. उलट तो आधी पुढे होता आणि मग स्वतःच्या पायांनी मागच्या रांगेत गेला. १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला काकांच्या, डिक बिल्सच्या बँडमध्ये गेला. १९५८ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला, वेस्टर्न रँग्लर्स. म्हणजे बाविसाव्या वर्षी त्याच्या नावाचा बँड होता, तो गातही होता. मग १९६० मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आधी 'टकिला' ही धून गाजवलेल्या चॅम्प्स बँडमध्ये गिटार, मग एका प्रकाशन कंपनीसाठी गाण्यांचे डेमो, म्हणजे नमुन्याची रेकॉर्डिंगं, आणि तिथून मोठ्या गायकांच्या रेकॉर्डिंगला साथ.

ते रेकॉर्डिंगचं जग कसं होतं ते सांगतो, कारण त्यातला काही भाग मी स्वतः जगलोय. तीन तासांची शिफ्ट. समोर कागद येतो, गाणं कधी ऐकलेलं नसतं, आणि पहिल्या-दुसऱ्या टेकला तुझा पीस बरोबर यावा लागतो. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर कॅरल के, गिटारवर टॉमी टेडेस्को, पियानोवर लिऑन रसेल नाहीतर लॅरी नेक्टल. या मंडळींना पुढे रेकिंग क्रू म्हणायला लागले. यांत कॅम्पबेल असा, की त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. कागदावरच्या कॉर्ड तेवढ्या वाचायचा, बाकी सगळं कानाने. आमच्याकडे मुंबईत नेमकं उलटं होतं. गोव्याहून आलेले वादक लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले. कागद समोर ठेवला की व्हायोलिनची अख्खी रांग एका झटक्यात वाजायची. मला वाचता यायचं नाही, म्हणून पहिली दोन वर्षं मी एका गोवेकर ज्येष्ठांच्या शेजारची खुर्ची पकडून बसायचो. ते बोटाने ओळ दाखवायचे. म्हणून कॅम्पबेलचा कान काय दर्जाचा असेल, त्याची मला चांगलीच कल्पना आहे.

१९६३ या एका वर्षात त्याने ५८६ गाण्यांवर वाजवलं किंवा गायलं, असा आकडा सांगतात. रायचस ब्रदर्सचं 'यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन', सिनात्राचं 'स्ट्रेंजर्स इन द नाइट', बीच बॉइज बँडचा 'पेट साउंड्स' हा अल्बम, या सगळ्यांत त्याची गिटार आहे. कव्हरवर नाव नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे नीट लक्ष दे. 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' आणि 'पेट साउंड्स' ही दोन्ही १९६६ ची. आणि कॅपिटल कंपनीने त्याला एकल गायक म्हणून करारबद्ध केलं होतं १९६२ मध्ये! चार वर्षं तो स्वतःच्या नावाने रेकॉर्ड काढत होता आणि रोज दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवतही होता. दोन्ही बरोबर. साथ सोडली असती तर खाल्लं काय असतं?

त्या चार-पाच वर्षांत त्याच्या नावावर काय काय निघालं ते बघ. १९६२ मध्ये ब्लूग्रासची, म्हणजे बँजो-फिडलवरच्या कंट्री संगीताची तबकडी. १९६४ मध्ये बारा तारांच्या गिटारची. १९६५ मध्ये रॉक गिटारची. त्याच वर्षी 'युनिव्हर्सल सोल्जर' हे युद्धविरोधी गाणं, ते पॉपच्या यादीत ४५व्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबलं. ज्या वर्षी जे चालतंय ते त्याच्याकडून करवून घ्यायचे. आणि त्याला ते सगळं यायचं! अडचण तीच होती, असं मी मानतो. साथीदाराला कोणासारखंही वाजवता येतं, म्हणून तर त्याला बोलावतात. मला अरेंजर सांगायचे, "अमक्यासारखं वाजव." तेवीस वर्षं मी अमक्यासारखं वाजवलं, आणि मन लावून वाजवलं. पण रात्री घरी एकटा गिटार घेऊन बसलो की हाताला माझं असं काही सुचायचं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मध्ये बीच बॉइजचा भाग आहे. २३ डिसेंबर १९६४ रोजी ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात त्या बँडचा ब्रायन विल्सन मनाने कोसळला, दौरा करणं त्याला शक्य राहिलं नाही. त्याच्या जागी तातडीने कॅम्पबेल गेला. बेस वाजवायचा, आणि वर ब्रायनच्या पट्टीतले उंच सूर गायचे. मार्च १९६५ पर्यंत त्याने ते केलं. हजारो लोकांसमोर रोज उभं राहणं, पण दुसऱ्याच्या सावलीत. ब्रायनने आभार म्हणून त्याला 'गेस आय अ‍ॅम डम्ब' हे गाणं करून दिलं. सुंदर गाणं आहे. चाललं नाही.

आणि मग १९६७. जॉन हार्टफर्डने लिहून गायलेलं 'जेंटल ऑन माय माइंड' त्याने रेडिओवर ऐकलं. कंपनीने दिलेलं नाही, कुणी सुचवलेलं नाही, त्याच्या कानाला ते लागलं. त्याने आपल्याच रेकॉर्डिंगच्या दोस्तांना गोळा केलं आणि कच्चं रेकॉर्डिंग करून टाकलं. गाता गाता मध्येच तो वादकांना ओरडून सूचना देतोय, असं ते रेकॉर्डिंग. निर्माता अल डी लोरी याने ऐकावं, जमलं तर पुढे नीट करावं, एवढ्यासाठी त्याने ती टेप ठेवली. डी लोरीने मधल्या आरोळ्या काढून टाकल्या आणि तेच बाजारात आणलं. तुला ते आज ऐकायला मिळतं ते हे, चार दोस्तांनी मिळून केलेलं कच्चं काम. पाच वर्षं घासूनपुसून केलेल्या तबकड्यांत जे आलं नाही ते इथे आलं. याचं कारण मला असं वाटतं, की त्या दिवशी तो 'गायक' म्हणून उभाच नव्हता. दोस्तांना गाणं दाखवत होता.

लगेच गीतकार जिमी वेबचं 'बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स'. हेही आधी जॉनी रिव्हर्सने गायलेलं होतं. दुसऱ्याने गायलेल्या गाण्यात आपली जागा कुठे आहे ते ओळखायचं, हा कान साथीदाराचाच. १९६८ च्या ग्रॅमी समारंभात या दोन गाण्यांवर मिळून त्याला चार ग्रॅमी मिळाले, कंट्रीचे आणि पॉपचेही. तेव्हा वय ३१.

'विचिटा लाइनमन' तर मी शिष्यांना दरवर्षी ऐकवतो. फिनिक्ससारखं गावाच्या नावाचं आणखी एक गाणं दे, असं कॅम्पबेलने वेबला फोनवर सांगितलं. ओक्लाहोमाच्या सपाट माळावर, टेलिफोनच्या खांबावर चढलेला एक एकटा माणूस वेबने पाहिला होता, त्यावरून गाणं आलं. दोनच कडवी. वेबच्या मते ते अपुरं होतं, तिसरं कडवं व्हायचं होतं. त्या रिकाम्या जागेत कॅम्पबेलने काय केलं? कॅरल केची सहा तारांची डॅनइलेक्ट्रो बेस गिटार मागून घेतली आणि गाण्याची चालच खालच्या सप्तकात वाजवली. हरकत नाही, मुरकी नाही, ज्या बोटांना वेगाची काय कमी होती त्या बोटांनी एकही जास्तीचा सूर लावला नाही. मला तो सोलो ऐकताना अजूनही गळ्याशी येतं. गायकाचा शब्द संपला तिथे साथीदार पुढे आला, आणि दोघं एकच माणूस.

सूरसंगत

मधली_तार काका, फार मनापासून लिहिलंत. एका ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे. १९६७ ची गाणी नसती तर काहीच झालं नसतं, हे खरं. पण 'जेंटल ऑन माय माइंड' पहिल्या वेळी फार वर गेलंच नव्हतं. त्याला घराघरांत नेलं ते दूरदर्शन संचाने. १९६८ च्या उन्हाळ्यात स्मदर्स ब्रदर्स या विनोदी जोडीच्या जागी त्याला टीव्हीवर कार्यक्रम मिळाला, आणि जानेवारी १९६९ पासून 'ग्लेन कॅम्पबेल गुडटाइम अवर' सुरू झाला तो १९७२ पर्यंत चालला. १९६९ मध्येच जॉन वेनबरोबर 'ट्रू ग्रिट' हा सिनेमा. दिसायला देखणा, बोलायला गोड, कॅमेऱ्यासमोर अजिबात न बुजणारा. उत्तम वाजवणारे इतरही होते त्या रेकिंग क्रूमध्ये. टेडेस्को काय कमी होता? पण पुढे आला तो कॅम्पबेल. यात गळा आणि चेहरा आहे, हे आपण मान्य करायला हवं, नाहीतर धागाकर्त्याला आपण अर्धंच सांगितलं असं होईल.

आणि त्याच कार्यक्रमातली मला अतिशय आवडणारी गोष्ट. कार्यक्रमाची सुरुवात व्हायची ती जॉन हार्टफर्ड प्रेक्षकांमधून उठून बँजो वाजवायला लागायचा तिथून. ज्याच्या गाण्याने आपलं नशीब उघडलं, त्याला दर आठवड्याला सगळ्या देशासमोर पहिला सूर लावायला दिला. हे मी माझ्या कथकच्या मुलींना सांगते, त्या साथीदारांची ओळख करून द्यायला विसरतात तेव्हा.

बेकर्सफील्डवासी

मी मूळचा साताऱ्याचा, पंधरा वर्षं कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला आहे. इथे कंट्रीचा विषय निघाला की साथीदारांचाच निघतो. बक ओवेन्स हा इथला राजा, पण १९५०च्या दशकात तो कॅपिटलच्या स्टुडिओत टॉमी कॉलिन्सच्या गाण्यांवर गिटार वाजवायचा. पुढे कंट्रीतला मोठा गायक झालेला मर्ल हॅगर्ड १९६२ मध्ये लास व्हेगासला विन स्ट्युअर्टच्या बँडमध्ये बेसवर होता. स्ट्युअर्टने स्वतःसाठी ठेवलेलं 'सिंग अ सॅड साँग' त्याने मागून घेतलं. स्ट्युअर्टने दिलं! तेच हॅगर्डचं देशभर ऐकलं गेलेलं पहिलं गाणं. मालकाने साथीदाराला आपलं गाणं काढून द्यावं, ही किती मोठ्या मनाची गोष्ट आहे.

पण मला लिहायचंय ते डॉन रिचबद्दल. तो बकच्या खांद्याशी उभा. आधी फिडल, मग टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, आणि बकच्या आवाजावर तिसरा सूर धरणारी ती उंच हार्मनी. बक ओवेन्सचा म्हणून जो आवाज जगाला माहीत आहे, त्यातला अर्धा डॉनचा आहे. १९६५ मध्ये 'बकरू' ही निव्वळ वाद्यांची धून कंट्रीत पहिल्या क्रमांकावर गेली, त्यात तोच पुढे. त्याला वेगळं निघणं अवघड नव्हतं. तो राहिला. १७ जुलै १९७४ रोजी मोटरसायकलच्या अपघातात गेला, ३२ व्या वर्षी. बक त्यातून कधीच पुरता सावरला नाही.

धागाकर्त्या, तुम्ही पुढे या, जरूर या. पण तबल्यामागची ती खुर्ची म्हणजे वाट पाहण्याची जागा आहे असं कृपया मनात धरू नका. डॉन रिचसाठी ती पोचण्याची जागा होती.

बारा_तारी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल रात्री बायकोला हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. यवतमाळकरांच्या आईच्या बोटांपाशी आम्ही दोघंही थांबलो.

मधली_तार काका, 'घरी एकटा बसलो की सुचायचं नाही' हे वाचून मी गिटार घेऊन बसलो आणि माझी सहाही गाणी पुन्हा वाजवून पाहिली. एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली, सांगायला संकोच वाटतो. सहाही गाणी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, आहेत. मी ती पट्टी निवडलेली नाही. अकरा वर्षं ज्या ताईंच्या साथीला बसतो त्यांची पट्टी काळी चार, हात आपोआप तिथेच जातो. म्हणजे गाणी माझी आणि पट्टी दुसऱ्याची. माझी पट्टी कोणती, हे मला कुणी विचारलंच नव्हतं, मी स्वतःही नाही.

काका, कॅम्पबेल शेवटपर्यंत गायला का? आजारी होता असं वाचलं.

मधली_तार

अरे मग हात थरथरले ते भीतीने नव्हेत! पुरुषाच्या गळ्याने काळी चारमध्ये तार सप्तकात चढायचं म्हटल्यावर अख्खं अंग ताठ होतं, ते बोटांत उतरणारच. आवाज फाटला तोही तिथेच. त्या संध्याकाळचा तुझा निकाल तू चुकीचा लावला आहेस.

कॅम्पबेल गायला. २०११ मध्ये अल्झायमर झाल्याचं त्याने जाहीर केलं आणि निरोपाचा दौरा काढला, १५१ कार्यक्रम. शब्द समोरच्या पडद्यावरून वाचायचा, कधी एकच गाणं दोनदा सुरू करायचा. साथीला त्याचीच मुलं. मुलगी अ‍ॅशली बँजोवर, कॅल ड्रमवर, शॅनन गिटारवर. तो चुकला की ती तिघं त्याच्या मागून जायची, त्याला कळूही न देता. पण गिटारचा सोलो आला की कुणाला सांभाळावं लागत नसे. शब्द गेले, माणसांची नावं गेली, हात मात्र बराच काळ राहिले. जानेवारी २०१३ मध्ये शेवटचं गाणं रेकॉर्ड झालं, 'आय अ‍ॅम नॉट गॉना मिस यू'. साथीला पुन्हा रेकिंग क्रूमधलेच जुने दोस्त बसले होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. ते गाणं मी एकदाच ऐकलंय. पुन्हा लावायची हिंमत झालेली नाही.

आता तुझं काम. काळी चारसाठी तू पहिल्या पडद्यावर कापो, म्हणजे तारा दाबून ठेवणारा चिमटा, लावून जी कॉर्ड धरत असशील. कापो आहे तिथेच राहू दे आणि जीऐवजी सी धर. काळी एक होईल. तबलजींना फोन कर, त्यांना तबला बदलावा लागेल, आधी कळवलेलं बरं. रविवारी संध्याकाळी घरीच बसा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मला पाठव. मध्ये एकमेकांशी बोललात तर ते कापू नकोस, तसंच पाठव.

बारा_तारी (धागाकर्ता)

फोन केला. तबलजी म्हणाले, "अकरा वर्षं वाट बघतोय मी या फोनची." रविवारी सहा वाजता येतायत.